मुंग्यांची रांग पुसण्याआधी

आधी तो स्प्रेचा डबा खाली ठेव आणि माझ्याजवळ दोन मिनिटं बस. ओट्यावरची रांग कुठे जात नाही, आपलं बोलणं होईस्तोवर ती तिथेच असेल. आणि बघ, पावसाळ्यात घरात मुंग्या शिरल्या म्हणजे तुझ्या स्वच्छतेत काही कमी पडलं, असं मुळीच मनात आणू नकोस. कुणी काही बोललं असेल तर ते सोडून दे. मुंग्यांची बिऱ्हाडं बहुतेक जमिनीत असतात. पावसाचं पाणी तिथे भरलं की त्या कोरडी जागा शोधत निघतात, आणि तुझ्या तळमजल्याच्या भिंतीपेक्षा जवळची कोरडी जागा त्यांना कुठे मिळणार? रांगेतली एखादी मुंगी तोंडात पांढरा कण धरून चालली असेल तर नीट बघ. तो साखरेचा कण नसतो गं, त्यांची पिल्लं असतात ती. असे कण घेऊन जाणाऱ्या मुंग्या दिसल्या म्हणजे सगळं बिऱ्हाडच हलतंय असं समज. उन्हाळ्यात याच मुंग्या पाण्यासाठी मोरीत आणि सिंकखाली येतात. आरशासारखा ओटा ठेवणाऱ्या बायकांच्या घरीही येतात.

तान्हं बाळ, ओले कपडे, त्यात तोंडावर आलेले गौरी-गणपती. तुझी किती दमछाक होत असेल ते मला कळतंय. म्हणून तुला भाराभर उपाय सांगत बसणार नाही. एकच गोष्ट पटवायची आहे मला: दिसलेली मुंगी मारायची घाई करू नकोस. तिच्याच तोंडून औषध तिच्या घरी पाठवायचं आहे आपल्याला.

खरं सांगू का, ओट्यावर दिसतात त्या मुंग्या म्हणजे त्या बिऱ्हाडातला अगदी थोडा भाग. अन्न आणायला बाहेर पडलेल्या तेवढ्याच दिसतात. राणी आणि पिल्लं आत असतात, पिल्लांचं करणाऱ्या बाकीच्या कामकरी मुंग्याही आतच. स्प्रे मारलास की बाहेरच्या पटापट मरतात, तुला बरं वाटतं, आणि आत राणी अंडी घालतच राहते. चार दिवसांनी रांग पुन्हा हजर. घरात येणाऱ्या काही बारीक जातींचं तर आणखी अवघड आहे. त्यांच्या एका बिऱ्हाडात अनेक राण्या असतात. फवाऱ्याचा त्रास झाला की बिऱ्हाड फुटतं. एक राणी थोड्या कामकऱ्यांना आणि पिल्लांना घेऊन स्विचबोर्डमागे जाते, दुसरी बाथरूमच्या टाइलखाली. मग बायका म्हणतात, औषध मारल्यापासून मुंग्या वाढल्याच. खरंच वाढलेल्या असतात गं, त्यांना भास होत नसतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे नुसतं बघणं. बाळ झोपलं की दिवा लावून रांगेच्या मागे मागे जा. एक टोक खाण्याकडे असतं, ते आपल्याला ठाऊकच आहे. दुसरं टोक शोध: खिडकीच्या चौकटीची फट, सिंकचा पाइप भिंतीत शिरतो ते भोक, टाइल्समधलं निघालेलं सिमेंट, दाराचा उंबरठा. तिथे पेन्सिलने बारीक खूण करून ठेव. मग मोबाइलने मुंगीचा फोटो काढ आणि बोटांनी मोठा करून बघ. सगळ्या मुंग्या एकसारख्या नसतात, आणि कुठली आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पांढऱ्या टाइलवर नुसते काळे ठिपके धावताना दिसतात का? दीड मिलिमीटरची मुंगी, डोकं काळपट आणि मागचा भाग इतका फिका की दिसतच नाही? ती गोडाची शौकीन. भिंतीच्या फटीत, कुंडीत, खिडकीच्या पट्टीमागे कुठेही राहते. चिरडली की खवट खोबऱ्यासारखा वास येतो, त्यावरून लगेच ओळखू येते. पेस्ट कंट्रोलवाल्याशी बोलायची वेळ आली तर तिचं शास्त्रीय नाव टॅपिनोमा. तेवढीच बारीक पण पिवळसर-तांबूस, मागचं टोक काळसर असेल तर ती फेरो मुंगी असण्याची शक्यता जास्त. तिला साखर चालते, तूप चालतं, मेलेलं झुरळसुद्धा चालतं. तुझ्या घरात बाळ आहे म्हणून हिच्याबद्दल मुद्दाम सांगते. ही गटारापासून मऊ भातापर्यंत सगळीकडे फिरते, आणि रुग्णालयांमध्ये रोगजंतू इकडून तिकडे नेण्यासाठी ती बदनाम आहे. बाळाच्या बाटल्या, वाटी-चमचा, बोंडलं उकळून झालं की झाकणाच्या डब्यातच ठेव. या दोन्ही मुंग्या बिऱ्हाड फोडणाऱ्या, म्हणून यांच्यावर स्प्रे अजिबात नको.

काळी, लांब पायांची, सरळ रांगेत न चालता सैरावैरा धावणारी दिसली तर फार मनावर घेऊ नकोस. ती डंख करत नाही, अन्न झाकलं आणि फटी बुजवल्या की तिचं येणं पुष्कळ कमी होतं. मोठे काळे मुंगळे, म्हणजे काही घरांत ज्यांना डोंगळे म्हणतात ते, राहतात बाहेर, झाडाच्या बुंध्याशी मातीत. रात्री गुळाच्या ढेपेवर येतात आणि पहाटे परत जातात. पकडायला गेलं तर कडकडून चावतात. पण आपल्याकडचा हा मुंगळा लाकूड पोखरून घर पाडत नाही, ती भीती काढून टाक. कोकणात किंवा गोव्यात घर असेल तर आंब्या-काजूवरच्या ओंबीलही आत येतात, छपराला टेकलेल्या फांदीवरून. ती फांदी छाटून टाक, त्यांची घरटी राहू दे. झाडावरचे कितीतरी किडे त्या खातात, बागेला त्यांचा उपयोगच आहे.

लाल, चावरी, मातीतून वर येणारी मुंगी मात्र बाळाच्या घरात चालवून घ्यायची नाही. ती बुडाने डंख मारते आणि तिथे जळजळतं. तिला गोडापेक्षा तेलकट आवडतं; शेंगदाणे, सुकट, सांडलेलं तेल. अंगणात भुसभुशीत मातीचे छोटे ढीग दिसले तर बिऱ्हाड तिथेच आहे. त्या ढिगावर उकळतं पाणी ओतलं तर बऱ्याच मरतात, पण एका वेळेत भागत नाही, काही दिवसांनी पुन्हा ओतावं लागतं. हे काम नवऱ्याला सांग, पायात बूट घालून करायला सांग, आणि बाळ कडेवर असताना उकळत्या पाण्याच्या पातेल्याजवळ तू फिरकू नकोस. झाडाच्या मुळाशी ढीग असेल तर उकळतं पाणी नको, झाडच जाईल.

आता औषधाचं बघू. मुंग्या काय खाताहेत याची आधी परीक्षा घे. एका कागदाच्या तुकड्यावर साखरेच्या पाण्याचा थेंब आणि शेजारी चिमूटभर शेंगदाण्याचं कूट ठेव, रांगेच्या बाजूला. तासाभरात कळतं कुठे गर्दी होते ते. मुंग्यांची भूक बदलत असते, पिल्लं जास्त असली की त्यांना प्रथिनं आणि तेलकट हवं असतं, म्हणून मागच्या महिन्याचा अनुभव या महिन्यात लागू पडेलच असं नाही.

गोडावर गर्दी झाली तर तुझं काम सोपं. औषधाच्या दुकानातून साधी बोरिक पावडर आण. कॅरमच्या पावडरवर विसंबू नकोस, तिच्यात बोरिक असेलच असं नाही. एक पेला, म्हणजे साधारण 200 मिलिलिटर कोमट पाणी घे. त्यात सपाट पाच छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा बोरिक विरघळव. वजनकाटा असेल तर साखर 20 ग्रॅम आणि बोरिक 2 ग्रॅम. हे प्रमाण आहे एक टक्क्याचं, आणि इथेच सगळ्यांचा हात सैल सुटतो. चमचाभर घातलं तर जास्त परिणाम होईल असं वाटतं ना? उलट होतं बघ. जहाल झालं तर मुंग्या एक तर तोंड लावत नाहीत, नाही तर वाटेतच मरतात, आणि राणीपर्यंत काहीच पोचत नाही. आपल्याला ती मुंगी धडधाकट घरी जायला हवी आहे. घरी गेली की पोटातलं गोड पाणी ती दुसऱ्यांना तोंडाने भरवते, पिल्लांना भरवते, राणीला भरवते. त्यांच्यात अशीच वाटून खायची पद्धत असते. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घट्ट पदार्थ गिळताच येत नाही, ती द्रवच पिते, म्हणून कोरडी बोरिक पावडर फटीत फुंकण्यापेक्षा हे पाणी जास्त कामाचं.

कापसाचे बोळे या पाण्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेव आणि झाकणं रांगेच्या अगदी कडेला, खुणा केलेल्या भोकांजवळ मांड. पण तुझं बाळ आता रांगायला लागेल, तेव्हा उघडं झाकण जमिनीवर ठेवायचंच नाही. फिरकीच्या झाकणाचा जुना प्लास्टिकचा डबा घे, त्याला तापल्या सुईने बारीक भोकं पाड, बोळा आत ठेव आणि झाकण घट्ट लाव. डब्याला चिकटपट्टी लावून तो ओट्यामागे किंवा सिंकखालच्या कपाटात बसव, आणि त्या कपाटाला कडी घाल. बोरिकला वास नसतो, त्यामुळे मुंगीला कळत नाही आणि मुलालाही कळत नाही. उरलेल्या पाण्याच्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत "विष" लिहून ती वरच्या फळीवर ठेव, फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंशेजारी नको. ढवळायला घेतलेला चमचा पुन्हा स्वयंपाकात आणू नकोस. आणि कधी पोराच्या तोंडात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नकोस, ओकारी काढायला जाऊ नकोस, पाकीट हातात घेऊन सरळ डॉक्टरकडे जा.

पहिल्या दिवशी त्या डब्याभोवती एवढी गर्दी होईल की तुझ्या पोटात गोळा येईल. येऊ दे. त्यांना हात लावू नकोस, पुसू नकोस, जवळपास फिनेलसुद्धा टाकू नकोस. जितक्या जास्त येतील तितकं जास्त औषध आत जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून गर्दी ओसरायला लागते. बोळा सुकला की नवा ठेव. साधारण आठवडा-दोन आठवडे धीर धरावा लागतो, फेरो मुंगी असेल तर त्याहून जास्त, कारण राण्या पुष्कळ असतात. या दिवसांत बाकीचं सगळं गोडधोड झाकलेलं हवं, नाही तर शिऱ्याची कढई उघडी आणि कोपऱ्यात औषध, अशात त्या शिऱ्याकडेच जातील. आणि परीक्षेत कुटावर गर्दी झाली असेल तर हे पाणी फारसं चालणार नाही. तिथे तयार जेल किंवा दाणेदार आमिष मिळतं ते घे, पाकिटावर मुंग्यांसाठी असं लिहिलेलं बघून.

रांग थांबली की मग पुसायचं. मुंग्या चालताना जमिनीवर वासाची रेघ सोडत जातात, मागची पुढचीच्या वासावर चालते. नुसत्या ओल्या फडक्याने ती रेघ पुरती जात नाही. मगभर पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घालून सगळी वाट पुसून काढ, भोकापर्यंत. मग भोकं बुजव: टाइल्सच्या फटींना व्हाइट सिमेंट, खिडकी आणि पाइपच्या कडेला सिलिकॉन. रंगाच्या दुकानात दोन्ही मिळतं. आधी बुजवलंस आणि आत बिऱ्हाड जिवंत राहिलं तर त्या दुसरीकडून बाहेर येतील, म्हणून हा क्रम मोडू नकोस.

आता आपल्या आई-आजीच्या उपायांचं. हळदीची रेघ मीही ओढते. सुकी असेपर्यंत मुंग्या ती ओलांडायला कचरतात, आणि बाळाच्या हाताला लागली तरी मला काळजी नसते. मारत मात्र नाही ती, अडवते फक्त. साखरेच्या डब्यात चार लवंगा टाक, माझी ना नाही, पण घट्ट रबराच्या झाकणाचा डबा लवंगेपेक्षा जास्त भरवशाचा. साखरेत मुंग्या झाल्याच तर परातीत पसरून उन्हात ठेव, आपोआप निघून जातात. खडूच्या रेघेला मात्र माझा सक्त विरोध आहे, निदान तुझ्या घरात. त्या खडूत कीटकनाशक असतं आणि दिसतो तो पाटीवरच्या खडूसारखा. बाळ तो हातात घेईल आणि हात तोंडात घालेल. ओट्यावर तर तो ओढूच नकोस, तिथे आपण पोळी लाटतो. आणि माहेरच्या माळ्यावर गॅमेक्सीन पावडरचा जुना डबा निघाला तर तो "चांगली होती हो ती" म्हणून वापरायला काढू नकोस. ज्या बीएचसीची ती असायची ते आपल्या देशात 1997 मध्ये बंद झालं, आणि त्यातल्याच लिंडेनच्या वापरावरही 2013 पासून बंदी आहे. अंगात साठून राहणारं विष आहे ते. कचऱ्याच्या पिशवीत मोकळं न टाकता घातक कचरा म्हणून वेगळं बांधून दे.

स्प्रेबद्दल आणखी दोन शब्द. घरात माशांची टाकी असेल तर स्प्रेतली औषधं माशांसाठी फार घातक असतात, आणि मांजरांनाही त्यातली काही सोसत नाहीत. एखादी लाल मुंग्यांची फौज एकदम पाळण्याकडे चालली, तर साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली हाताशी ठेव. मुंगी जागच्या जागी मरते आणि मागे विष राहत नाही.

पाळण्याचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. दुधाचा वास बाळाच्या लाळेऱ्याला, उशीच्या अभ्र्याला, तुझ्या पदराला असतो, आणि मुंग्यांना तो लांबून कळतो. पाळणा किंवा पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढ. चादरीचं टोक, मच्छरदाणीची झालर जमिनीला टेकू देऊ नकोस, तोच त्यांचा जिना. पायांना खालून वीतभर उंचीवर व्हॅसलीनचा दोन बोटं रुंद पट्टा लाव, धूळ बसली की पुसून नवा लाव. टाल्कम पावडरची रेघ मात्र पाळण्याजवळ नको, ती श्वासावाटे बाळाच्या छातीत जाते. लाळेरं आणि दुपटी रात्री बादलीत तशीच टाकून ठेवू नकोस, निदान पाण्यात बुडवून ठेव. मुंगी चावलीच तर साबण-पाण्याने धू, फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ धर, नखं कापलेली असू देत म्हणजे ओरबाडणार नाही. चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर रात्र असो की पाऊस असो, लगेच दवाखाना गाठ.

माझ्या धाकट्या बहिणीच्या पुण्याच्या घरी सगळा संसार घासून पुसून झाला तरी रांग थांबेना. शेवटी बिऱ्हाड निघालं गॅलरीतल्या जास्वंदीत. तुझ्या कुंड्या बघितल्यास का? कोवळ्या फांद्यांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा हिरवा-काळा मावा असेल तर मुंग्या त्याच्याचसाठी येतात. हे किडे गोड चिकट रस सोडतात, मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात किड्यांची राखण करतात. किडे गेले की मुंग्यांची ये-जा निम्मी कमी होते. लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि थोडं लिक्विड सोप घालून, खूप हलवून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवार. कुंडीतच बिऱ्हाड असेल तर अख्खी कुंडी बादलीभर पाण्यात तासभर बुडवून ठेव, पिल्लं तोंडात धरून मुंग्या वर येतात. आणि ते घरात नाही, बाहेर कर.

काही ठिकाणी मुंगीपेक्षा वेगळंच काही असतं. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाले किडे जमले की नीट बघ. कंबर बारीक, मिशा कोपरात वाकल्यासारख्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, तर त्या पंखवाल्या मुंग्या. दिवा मालव, निघून जातील. कंबर सरळ जाड, चारही पंख सारख्या लांबीचे, सकाळी खिडकीत गळलेल्या पंखांचा खच, तर ती वाळवी. दाराच्या चौकटीवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या की हळद-बोरिक सगळं बाजूला ठेव, तिथे जाणकार माणूसच हवा. तसंच स्विचबोर्डातून मुंग्या बाहेर येत असतील तर पाणी, स्प्रे काहीही मारू नकोस, मेन बंद कर आणि वायरमनला बोलाव.

आणि एक गोष्ट कानात सांगते. बाथरूममध्ये जिथे घरातलं एखादं माणूस लघवीला जातं तिथेच मुंग्या जमताहेत असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर त्या माणसाची साखर तपासून घे. लघवीला मुंग्या लागणं हे प्रमेहाचं पूर्वलक्षण म्हणून चरकसंहितेत नोंदवलेलं आहे. ओलाव्याला, सांडलेल्या साबणालाही मुंग्या येतात, त्यामुळे घाबरून जाऊ नकोस. पण एका रक्ततपासणीने शंका फिटते, ती फिटू दे.

गणपतीची काळजी करत असशील. चौरंगाच्या पायांना तोच व्हॅसलीनचा पट्टा, कापडाखाली दिसतही नाही. मोदकांचा डबा परातीत पाणी घालून मधल्या पालथ्या वाटीवर ठेव, आणि पाण्यात थेंबभर लिक्विड टाक, नाही तर हलक्या मुंग्या पाण्याच्या वरून तरंगत पलीकडे पोचतात. ते पाणी रोज बदल, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. पंचामृताची पळी, तीर्थाचं पात्र, नैवेद्याचं ताट आरतीनंतर लगेच उचल, निर्माल्यात पेढ्याचा तुकडा राहिला नाही ना ते बघ. सणाच्या दिवसांत मुंग्या मारू नयेत असं घरातल्या मोठ्यांना वाटत असेल तर त्यांचं मन मोडू नकोस. औषधाचा डबा आधीच्या दोन आठवड्यांत लाव आणि सणात नुसतं झाकणं, पट्टे आणि साबणाच्या पाण्याने वाट पुसण्यावर भागव. मुंग्यांना साखर-पीठ घालायची रीत तुमच्याकडे असेल तर तीही चालू ठेव, फक्त भिंतीपासून लांब, आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी.

एवढं करून महिन्याने रांग तशीच असेल तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्यात कमीपणा नाही. फक्त त्याला आधी विचार, फवारा मारणार की आमिषाचं जेल लावणार? औषधाचं नाव काय? घरात तान्हं बाळ आहे हे पहिल्या वाक्यात सांग. नुसता फवारा मारून निघतो म्हणाला तर दुसरा माणूस बघ. आणि शेजारणीशी बोल. मुंग्यांना फ्लॅटचा नंबर कळत नाही, बिऱ्हाड तिच्या भिंतीत असेल तर तू एकटीने कितीही केलंस तरी पुरं पडणार नाही. दोन्ही घरांत एकाच आठवड्यात आमिष ठेवलंत तर काम लवकर होईल.

आज सगळं करायला घेऊ नकोस हं. आज रात्री फक्त रांगेच्या मागे जा, भोकाशी खूण कर आणि फोटो काढून मला पाठव. बोरिक उद्या आण, पण कपाटाला कडी लावून झाल्याशिवाय ते पाकीट फोडू नकोस.